पाऊल जमिनीवर कसें टेकतें?

संगणकावरील खेळांत धांवणारीं, उड्या मारणारीं चित्रें आतां घरोघरीं मुलांच्या हातीं आलीं आहेत. त्या चित्रांच्या चेहऱ्याकडे व पोषाखाकडे आपण पाहतों. पायांकडे सहसा कोणी पाहत नाहीं. आज मला त्या पायांविषयींच चार शब्द सांगावयाचे आहेत. ज्यांस हा विषय पोरकट वाटेल त्यांनीं थोडा धीर धरावा. त्यांत शाळेंतली भूमिति आहे, शरीरशास्त्र आहे, आणि माझ्या वयाच्या माणसांस उपयोगी पडेल अशी एक गोष्टही आहे.

मी नवी मुंबईंत बेलापूरला राहतों. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें वसविलेलें हें शहर नकाशावर सपाट दिसतें. परंतु खाडीकडची बाजू सोडून पारसिकच्या डोंगराकडे वळलें कीं चढण लागते, पायऱ्या लागतात. माझी नात चित्रांना चालतें करण्याची विद्या शिकते. तिनें अशाच एका पायऱ्यांच्या वाटेचा देखावा संगणकावर रचला आणि तीवरून एक मुलगी चालविली. मला तें दाखवून ती म्हणाली, “आजोबा, कांहीं तरी चुकतंय. काय तें तुम्ही सांगा.” मीं पाहिलें. मुलगी दोन पायऱ्यांवर उभी होती. वरचा पाय ठीक टेकला होता. खालचा मात्र आपल्या पायरीच्या जवळ जवळ वीतभर वर अधांतरीं लोंबत होता.

असें कां व्हावें? या चित्रांची चाल बहुधा खऱ्या माणसाची उचललेली असते. अंगावर खुणा लावलेला नट सपाट दालनांत चालतो, भोंवतालचे कॅमेरे त्या खुणांची हालचाल टिपतात, आणि तीच चाल पुढें चित्राला दिली जाते. खेळांत तें चित्र एका अदृश्य कुपींत असतें. यंत्र ती कुपी जमिनीवरून सरकवितें, आणि आंत पाय आपली पाठ केलेली चाल म्हणत राहतात. अर्थ न समजतां पाठ म्हणणारा विद्यार्थी जसा प्रश्न बदलला कीं अडखळतो, तसे हे पाय जमीन बदलली कीं फसतात.

चित्रपटांत ही अडचण नसते. दादासाहेब फाळके यांनीं १९१५ सालीं ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटांत आगकाड्या हलत्या करून दाखविल्या; तेथें कोणती काडी कोठें ठेवावयाची हें सर्वस्वीं त्यांच्या हातीं होतें. खेळांत पुढचें पाऊल कोठें पडेल हें खेळणारें मूल त्या क्षणीं ठरवितें. म्हणून पायाची व्यवस्थाही त्याच क्षणीं लावावी लागते.

ती अशी लावतात. प्रथम प्रत्येक पावलाच्या थोडें वरून खालीं एक काल्पनिक सरळ रेषा सोडतात. गवंडी ओळंबा सोडतो तशीच ही रेषा समजा. ती जेथें जमिनीला लागते तेथील उंची आणि उतार यंत्राला कळतो. दुसरी पायरी कमरेची. पाय रबरासारखा ताणतां येत नाहीं. म्हणून खालचें पाऊल टेकेल इतकी कंबर खालीं घेतात. आतां वरचें पाऊल दगडांत रुतूं लागतें. तें वर उचलावें तर गुडघा वांकविला पाहिजे. किती वांकवावा?

येथें आपली भूमिति कामास येते. मांडी ४० सेंटिमीटर व नडगी ४० सेंटिमीटर धरा. पाय सरळ असतां कंबरेपासून घोट्यापर्यंत ८० सेंटिमीटर होतात. पायरी १६ सेंटिमीटर उंच असेल, तर कंबर तितकी खालीं आल्यावर वरच्या पायासाठीं ६४ सेंटिमीटरच अंतर उरतें. ४०, ४० आणि ६४ बाजूंचा हा समद्विभुज त्रिकोण झाला. गुडघ्यापासून ६४ च्या रेषेवर लंब टाका. तिचे ३२ चे दोन भाग होतात, आणि पायथागोरसच्या सिद्धांतानें लंब २४ येतो. म्हणजे गुडघा त्या रेषेपासून २४ सेंटिमीटर दूर असावयास हवा. पण हा त्रिकोण रेषेच्या कोणत्याही बाजूस काढतां येतो! नातीच्या पहिल्या प्रयत्नांत मुलीचा गुडघा मागें वळला, आणि आम्ही दोघेंही पोट धरून हंसलों. गुडघा पुढेंच यावा हें यंत्राला निराळें सांगावें लागतें.

शेवटीं तळवा उताराप्रमाणें कलवितात, तोही घोट्याला झेपेल इतकाच. पाऊल हवेंत असतांना हें बंधन सैल सोडतात, आणि प्रत्येक बदल हळूहळू करतात. नाहीं तर पाय झटके घेतात. सेकंदाला ६० चित्रें दिसत असतील, तर एका चित्राच्या वांट्याला आलेल्या सेकंदाच्या साठाव्या भागांत खेळाच्या इतर सर्व कामांबरोबर हेंही उरकावें लागतें. हें गणित यंत्रमानवांच्या हातांसाठींही वापरतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें २०२० सालीं ‘राजी’ हा खेळ काढला. तो ज्या अनरिअल इंजिनावर बांधला आहे, त्यांत अशा गणिताची तयार सोय असते.

आपल्या शरीरांत ही रेषा कोण सोडतें? तळव्याची त्वचा, स्नायु आणि सांधे मेंदूला सतत वर्दी देत असतात. घोट्याखालचा सांधा पावलाला आंत-बाहेर कलूं देतो. आपल्याला त्याची जाणीवही नसते.

मला ती गेल्या वर्षीं झाली. घरच्या इमारतीच्या पायऱ्या उतरतांना मी पडलों. मधुमेह जुना आहे. डॉक्टरांनीं मला डोळे मिटावयास सांगितलें. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला लावीन, कळला कीं ‘हो’ म्हणा, असें त्या म्हणाल्या. मी वाट पाहत राहिलों. मला वाटलें, परीक्षा अजून सुरू झाली नाहीं. डोळे उघडले तों त्यांनीं उजव्या अंगठ्याखालीं तीन वेळां धागा टेकवून झाला होता.

म्हणून नातीच्या मुलीचा लोंबता पाय मला चटकन् दिसला. ज्यांना मधुमेह आहे त्यांनीं ही धाग्याची परीक्षा वर्षांतून एकदां तरी अवश्य करून घ्यावी, घरांतही अनवाणी चालूं नये, आणि रोज रात्रीं तळवे पाहावे. मला वांकून पाहतां येत नाहीं, तेव्हां तें काम नात करते. तिची मुलगी आतां पायऱ्या नीट उतरते. मीही उतरतों; मात्र एक हात कठड्यावर असतो आणि प्रत्येक पायरी आधीं डोळ्यांनीं पाहून घेतों.