मोहफुलांच्या हंगामातले अस्वल

विदर्भाच्या जंगलांत आढळणारे अस्वल माणसाची शिकार करत नाही. वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे आणि मोहफुले हे त्याचे अन्न. वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसल्याने त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेते. त्याची नजर अधू असते आणि खाण्यात गुंतले की जवळ आलेला माणूस त्याला उशिरा जाणवतो. अशा वेळी दचकून ते पळण्याऐवजी अंगावर येते. वारुळे फोडणाऱ्या लांब नखांच्या जखमा बहुधा डोक्याला आणि चेहऱ्याला होतात. जीव वाचला तरी डोळा जाऊ शकतो. पिल्ले पाठीवर घेऊन फिरणारी मादी सर्वांत धोक्याची.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली माणूस आणि अस्वल एकाच अन्नासाठी येतात. म्हणून फुले वेचायला उजाडल्यावर, गटाने आणि मोठ्याने बोलत जावे. काठीला बांधलेले घुंगरूही उपयोगी. दाट झुडपे, कपारी आणि ताजी उकरलेली वारुळे टाळावीत. अस्वल लांब दिसल्यास पाठ न दाखवता हळूहळू मागे सरावे. पळू नये, झाडावरही चढू नये, कारण ते दोन्हींत तरबेज असते. हल्ला झालाच तर पालथे पडून दोन्ही हात मानेमागे घट्ट गुंफावेत, चेहरा जमिनीकडे ठेवावा. अस्वलाला कायद्याचेही संरक्षण आहे: वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे.