कमरेला खाच असलेली जुनी नॉस्लर

१९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात शिकारी जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूस हरणाच्या अंगावरच फुटल्या, आत शिरल्याच नाहीत. मग त्यांनी तांब्याच्या दांड्याला दोन्ही टोकांनी भोकं पाडून शिसं भरलं आणि मधे तांब्याचीच भिंत राखली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून खोल जातो. काय सुरेख कल्पना! १९४८ पासून ‘पार्टिशन’ नावाने ही गोळी विक्रीला आली.

लेथवर कातलेल्या त्या जुन्या गोळ्यांच्या कमरेला खाच असते. पुढे बनवायची पद्धत बदलली आणि ही खाच गेली, म्हणूनच अशा गोळ्यांची डबी हाती लागली की घरी काडतुसं भरणारे शिकारी हरखतात. फक्त आजच्या पार्टिशनचं दारूचं माप या गोळ्यांना जसंच्या तसं लावू नका. वजन तेच असलं तरी घडण वेगळी, म्हणून दाबही वेगळा.