टेललाइटची काळी फिल्म आणि मागून येणारा चालक

मोटारीच्या मागच्या टेललाइटच्या एकाच डब्यात तीन-चार दिवे असतात. हेडलाइटबरोबर लागणारा मंद लाल, ब्रेक दाबल्यावर उजळणारा लाल, वळण दाखवणारा पिवळा इंडिकेटर आणि रिव्हर्सचा पांढरा. जुन्या रचनेत पहिली दोन कामे एकच बल्ब करतो. त्यात दोन तारा असतात, एक ५ वॉटची आणि दुसरी २१ वॉटची. मंद आणि प्रखर यांतल्या या फरकावरूनच मागच्या चालकाला कळते की पुढची गाडी नुसती चालली आहे की थांबते आहे. याशिवाय टेललाइटच्या काचेत किंवा खाली बंपरवर लाल रिफ्लेक्टर असतो. त्याला ना वायर लागते ना बल्ब. मागून आलेला उजेड तो आल्या दिशेने परत पाठवतो.

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत टेललाइट ‘स्मोक’ करून मागणारे गिऱ्हाईक नवे नाही. त्यासाठी काचेवर काळसर फिल्म चढवतात किंवा स्प्रे मारतात. पांढऱ्या किंवा करड्या गाडीवर हे काम उठून दिसते, त्यात शंका नाही. पण त्यापायी उजेड किती जातो, हे दुकानात उभे राहून कळत नाही, कारण तिथे माणूस दिव्यापासून दोन हातांवर असतो. निम्मा प्रकाश जाऊ देणारी फिल्म लावली की ब्रेकलाइट सरळ निम्म्यावर येतो. भर दुपारी, सूर्य काचेवर पडलेला असताना, तो लागला आहे की नाही हेच समजत नाही. पावसाळ्यात त्यावर चिखलाचा थर बसतो, तो वेगळाच.

रिफ्लेक्टरचे नुकसान याहून मोठे असते आणि त्याकडे कोणी पाहतही नाही. मागच्या गाडीचा उजेड फिल्ममधून आत जाताना निम्मा होतो आणि परत बाहेर येताना पुन्हा निम्मा. म्हणजे उरतो चौथा हिस्सा. फिल्म ३० टक्केच प्रकाश सोडणारी असेल, तर १०० मधले जेमतेम ९ परत येतात. बॅटरी बसलेली गाडी रात्री रस्त्याच्या कडेला उभी असते, तेव्हा तिच्याजवळ एवढा एकच दिवा शिल्लक असतो. घाटातल्या वळणावर तोच झाकलेला असणे किती घातक, हे वेगळे सांगायला नको.

उजेड कमी झाला म्हणून जास्त वॉटचा बल्ब टाकण्याचा सल्ला काही फिटर देतात. तो ऐकू नये. टेललाइटचा डबा बंद असतो, उष्णतेला वाट नसते. होल्डर वितळतो आणि काच वाकते.

काळ्या फिल्मच्या आधी पारदर्शक काचेची लाट येऊन गेली. १९९८ मध्ये जपानमध्ये आलेल्या टोयोटा अल्टेझा या गाडीचे मागचे दिवे बाहेरून स्वच्छ पारदर्शक होते. लाल भाग आत बसवला होता. ते इतके आवडले की जगभर त्यांच्या नकला निघाल्या आणि अशा दिव्यांना अल्टेझाचेच नाव पडले. मूळ दिव्यात दोष नव्हता. स्वस्त नकलांमध्ये मात्र लाल रंग बल्बवर नुसता लावलेला असे. तो उष्णतेने उडाला की गाडीच्या मागे पांढरा दिवा लागे, आणि मागच्याला वाटे की गाडी रिव्हर्स येते आहे.

दृश्यता खरोखर वाढवायची असेल तर एलईडीचा विचार करावा. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सुमारे ०.२ सेकंद जास्त लागतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने तेवढ्या वेळात मागची गाडी साडेपाच मीटर पुढे येते. चार मीटरच्या आतल्या छोट्या मोटारीच्या लांबीहून हे अंतर जास्त आहे. मात्र जुन्या डब्यात नुसता एलईडी बल्ब खोचून हा फायदा मिळेलच असे नाही. डब्यातला आरसा तारेच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला असतो, आणि एलईडीचा उजेड तिथून त्या दिशांना पडत नाही. लाल काचेमागे पांढरा एलईडी गुलाबट आणि फिका दिसतो. तिथे लालच हवा. इंडिकेटरमध्ये एलईडी टाकला की वीज कमी खेचली जाते, रिलेला बल्ब गेल्यासारखे वाटते आणि टिकटिक दुप्पट वेगाने होऊ लागते. सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीतला, कंपनीचा पूर्ण एलईडी टेललाइट, कपलर जुळत असेल तर.

कित्येकदा मात्र फक्त बल्ब बदलायचा असतो. बहुतेक मोटारींत डिकी उघडली की एक-दोन नट किंवा स्क्रू दिसतात. ते काढून टेललाइट सरळ मागे ओढायचा, होल्डर पाव वळसा फिरवून बाहेर घ्यायचा. दोन तारांच्या बल्बच्या पिना वर-खाली असतात, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. जोर करू नये. बल्बची काच आतून काळवंडली असेल तर तो पेटत असला तरी बदललेला बरा. बसवताना रबरी गॅस्केट दुमडले तर पहिल्याच पावसात दिव्यात पाणी साचते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मन मानेल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

गाडीवर फिल्म आधीच लावलेली असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून एका कोपऱ्यापासून ती हळूहळू सोलता येते. उरलेला गोंद साबणाच्या कोमट पाण्याने काढावा; थिनर लावला तर ॲक्रिलिकच्या काचेला बारीक तडे जातात. स्प्रेचा थर ओल्या पॉलिश पेपरने घासावा लागतो. काम झाले की रात्री कोणाला तरी ब्रेक दाबायला बसवावे आणि रस्त्यावर शंभर-दीडशे पावले मागे जाऊन आपली गाडी एकदा नीट पाहावी.