मापावर चालणारी नक्षी : कारीगरांनी ओळखावे असे तंत्र

सीएनसी हा शब्द आपल्या धाराशिव जिल्ह्यातील सुतार, गवंडी आणि फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या बंधूंना आता नवा राहिलेला नाही. संगणकाच्या हुकमावर चालणारा राउटर आठ बाय चारच्या शीटमधून जाळी कापून देतो. हाताला जिथे दिवस लागत तिथे यंत्राला तास पुरतात. गिऱ्हाईक खूश होते. कोरीव काम करणारा कारीगर मात्र विचारतो, मग आमच्या हुनराचे काय? प्रश्न रास्त आहे. यंत्राला हुकूम देणारा हिशोब कुणाच्या डोक्यातून निघतो, यावर कारीगराची पुढची रोजी ठरणार आहे. या हिशोबाला आर्किटेक्ट लोक 'पॅरामेट्रिक डिझाइन' म्हणतात. नाव जड आहे, पण आपल्या दर्जी बांधवांना ती गोष्ट चांगली ठाऊक आहे.

दर्ज्याचा कायदा आणि जेकार्डचे कार्ड

माझा धंदा कापडाचा, म्हणून कापडातलीच दोन उदाहरणे घेतो. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्डवर निघते. फ्रान्समधील ल्योन शहराच्या जोसेफ मारी जकार यांनी 1804 च्या सुमारास हे साधन तयार केले. पुठ्ठ्याच्या कार्डाला जिथे छिद्र, तिथला उभा धागा उचलला जातो. छिद्र नाही तिथला धागा खाली राहतो. अशा कार्डांची माळ लावली की तीच नक्षी हजार चादरींवर हुबेहूब उतरते. पण नक्षीचा आकार बदलायचा झाला तर नवी कार्डे कापावी लागतात. कार्डाला मोर ठाऊक नसतो, फक्त छिद्रे ठाऊक असतात.

दर्ज्याचे कटिंग वेगळ्या रीतीने चालते. छाती 36 इंच असेल तर चौथा हिस्सा 9, त्यात ढिलाई मिळवायची. गळ्याच्या रुंदीला बारावा हिस्सा, म्हणजे 3. पुढचे गिऱ्हाईक 42 छातीचे आले तर तेच हिस्से साडेदहा आणि साडेतीन होतात. मास्टर प्रत्येक माणसासाठी वेगळे चित्र जपून ठेवत नाही. तो कायदा लक्षात ठेवतो आणि मापावरून चित्र काढतो.

पॅरामेट्रिक डिझाइन म्हणजे नेमके हेच. पॅरामीटर म्हणजे पैमाना. संगणकात तयार चित्र न ठेवता, कोणत्या पैमान्यावरून चित्र कसे निघते तो कायदा लिहून ठेवायचा. पैमाना बदलला की सारे चित्र नव्याने निघते.

एक खिडकी, दोन पद्धती

आता हे जाळीच्या कामात पाहू. समजा, बाजारातून 36 बाय 36 इंचाच्या जाळीची तयार फाइल घेतली. तिच्यात सहा-सहा इंचाचे गोल आहेत. गिऱ्हाइकाची खिडकी निघाली 36 बाय 50. राउटरवाल्याने फाइल उभी ताणली, की सहा इंचाचा गोल सव्वाआठ इंचांहून जास्त उंच होतो. गोलाचे अंडे झाले! तयार फाइलीवर उरकलेल्या कामात अशी अंडी हटकून दिसतात.

जो कायद्याने काम करतो तो यंत्राला सांगतो : खाना सहा इंचाचाच राहील, उंचीत पूर्ण खाने किती बसतात ते मोज, जे उरेल ते वर-खाली पट्टीत सारखे वाट. 50 मध्ये सहाचे 8 खाने, म्हणजे 48. उरले 2 इंच. वर एक इंच पट्टी, खाली एक इंच पट्टी. गोल गोलच राहिला. दुसरी खिडकी 31 बाय 45 ची असेल तर आडवे 5 आणि उभे 7 खाने बसतात; बाजूंना अर्धा-अर्धा आणि वर-खाली दीड-दीड इंच पट्टी पडते. एका घरात बारा खिडक्या बारा मापांच्या असल्या तरी कायदा एकच. फक्त मापे भरायची.

धंद्याची गोष्टही इथेच आहे. तयार फाइल शेजारच्या दुकानातही असते. म्हणून मग स्पर्धा फक्त भावावर होते आणि शेवटी कारीगराकडे शीट उचलून यंत्रावर ठेवण्याची मजुरी तेवढी उरते. कायदा ज्याचा, त्याचे काम दुसऱ्याला सहज उचलता येत नाही.

हा हिशोब जुना आहे

हे तंत्र परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यातील बंधारा आणि त्यातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला. त्याच आदिलशाहीच्या राजधानीत, विजापुरात, मुहम्मद आदिलशाहाचा गोलघुमट 1656 मध्ये उभा राहिला. आतला दालनाचा चौकोन सुमारे 135 फुटांचा आणि घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 144 फूट. मध्ये एकही खांब नाही. युक्ती अशी की एका मुरब्ब्यावर दुसरा मुरब्बा तिरका फिरवून ठेवला. त्या रेषांवर आठ कमानी एकमेकींना छेदत वर गेल्या आणि त्यांनी घुमटाचा गोल पेलला. पहिल्या मुरब्ब्याची बाजू ठरली की दुसऱ्याची जागा, कमानींच्या रेषा आणि मधला गोल ही सारी त्यावरूनच ठरतात.

त्याच्याही आधी, समरकंदचे गणिती जमशेद अल-काशी यांनी 1427 मध्ये पूर्ण केलेल्या 'मिफ्ताह अल-हिसाब' या ग्रंथात मुकरनसचे, म्हणजे कमानीखालच्या मधाच्या पोळ्यासारख्या कामाचे, क्षेत्रफळ काढण्याची रीत दिली आहे. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात कारीगरांच्या नमुन्यांची एक लांब गुंडाळी आहे, तिच्यात 114 नकाशे आहेत. 2007 मध्ये अमेरिकेतील पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या संशोधकांनी दाखवले की जुन्या इमारतींवरची गुंतागुंतीची तारकांची नक्षी फक्त पाच आकारांच्या तुकड्यांतून लावता येते : दशकोन, पंचकोन, लांबट षटकोन, मध्ये चिमटलेला षटकोन आणि समभुज चौकोन. परकार आणि पट्टी घेऊन बसलेल्या त्या उस्तादांकडे संगणक नव्हता, पण कायदा होता.

संगणकाने काय भर घातली

संगणकाने या कायद्याला वेग दिला. 1963 मध्ये अमेरिकेच्या एमआयटी संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' हा प्रोग्राम तयार केला. त्यात रेषांना 'समांतर राहा', 'सारख्या राहा' अशी अट घालता येत होती. पुढे ही रीत यंत्रांच्या सुट्या भागांत आली आणि मग इमारतींत. या कामात बगदादमध्ये 1950 साली जन्मलेल्या झाहा हदीद यांचे नाव फार मोठे झाले. त्यांनी बैरूतमध्ये आधी गणित शिकले, वास्तुकला नंतर. 2004 मध्ये वास्तुकलेचे प्रित्झकर पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. 2016 मध्ये त्यांचे निधन झाले. नवी मुंबईच्या विमानतळाची कमळाच्या आकारावर बेतलेली इमारत त्यांच्याच कंपनीने आखली असून तिचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाले. वळत जाणारे असे छत उभारताना एक तुकडा दुसऱ्यासारखा असेलच असे नाही. प्रत्येक तुकड्याचे माप हाताने काढत बसणे परवडत नाही. ते कायद्यातून निघते.

फर्निचरमध्ये हेच तंत्र लहान प्रमाणावर वापरता येते. मोठ्या शहरांतील हॉटेलांत लाटेसारखे बाक दिसतात. ते प्लायवूडच्या पट्ट्या उभ्या लावून केलेले असतात. पट्टी 18 मिलिमीटरची आणि मधली फटही तेवढीच धरली तर सात फुटांच्या बाकाला सुमारे 60 पट्ट्या लागतात आणि प्रत्येकीचा आकार थोडा थोडा वेगळा. हाताने 60 आकार आखणे म्हणजे सुताराचा जीव जाणे. संगणक एका कायद्यावरून साठही आकार काढतो, त्यांवर नंबर टाकतो आणि शीटवर कमीत कमी तुकडा वाया जाईल असे मांडतो. कटिंग मास्टर थानावर कापड वाचवून नमुने मांडतो, तसेच ते समजावे.

यंत्र कुठे अडते

यंत्राला सर्व काही येते असे समजू नये. राउटरची बिट गोल फिरते. 6 मिलिमीटरची बिट असेल तर आतल्या कोपऱ्यात 3 मिलिमीटरची गोलाई राहतेच. तिथे टोकदार कोपरा हवा तर पटाशी हातातच धरावी लागते. 18 मिलिमीटर म्हणून घेतलेली प्लाय मोजली तर कमी-जास्त भरते. खाच 18 ची आणि प्लाय साडेसतराची, की सांधा हलतो. कायद्याने आखलेल्या कामात जाडीचा एक आकडा बदलला की सगळ्या खाचा सुधारतात. तयार फाइलीत प्रत्येक खाच वेगळी दुरुस्त करावी लागते. साधा एमडीएफ पाण्याने फुगतो, तो बाहेरच्या खिडकीला लावू नये. लेझर यंत्रावर रेक्झिन किंवा पीव्हीसी कधीही कापू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, तो माणसाला आणि यंत्राला दोघांनाही खातो. सीटकव्हर आणि पिशव्यांचे काम करणाऱ्यांनी हे पक्के लक्षात ठेवावे.

सुरुवात कशी करावी

यंत्र विकत घेण्याची घाई नको. यंत्र जॉबवर्कवर मिळते. आधी आपला कायदा वहीत उतरवावा : कोणते माप पहिले, त्याचे हिस्से किती, उरलेले कुठे जाते. मग घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी तो संगणकावर मांडेल. आकड्यांचा हिशोब साध्या एक्सेलमध्येही बसतो. चित्र काढण्यासाठी 'फ्रीकॅड' आणि 'ओपनस्कॅड' हे प्रोग्राम मोफत आहेत. मात्र उस्तादाने जवळ बसले पाहिजे, कारण लाकूड कुठे फाटते हे संगणक शिकलेल्या पोराला ठाऊक नसते.

हे काम खेड्यात होत नाही अशी सबब सांगू नये. पुणे जिल्ह्यातील पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे 2002 मध्ये एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. भांडवलासाठी 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना पाहावी. तिच्या 18 व्यवसायांत सुतार, गवंडी आणि दर्जी आहेत. प्रशिक्षण, 15 हजार रुपयांपर्यंत हत्यारांची मदत आणि दोन टप्प्यांत 3 लाखांपर्यंत कर्जाची तरतूद तिच्यात आहे. जवळच्या सेवा केंद्रात कागदपत्रांची चौकशी करावी.

शेवटी व्यापारी म्हणून एक सल्ला. बिलात कापण्याचा दर आणि नक्षीचा दर वेगवेगळे लिहा. कापण्याचा दर बाजार ठरवील आणि तो उतरतच जाईल. नक्षीचा दर तुम्ही ठरवा. गिऱ्हाइकाला कापलेला माल द्या, कायद्याची फाइल आपल्याजवळ ठेवा आणि तिची एक प्रत घरात जपा. बापाच्या हातातला हिशोब मुलाला मिळण्याआधीच कबरीत गेला, अशी घराणी आपण पाहिली आहेत. वहीत उतरवलेला कायदा मागे राहतो, आणि पुढची पिढी त्यावर नवी मापे घेऊन काम करू शकते.