वीस भागांचं सुतक

स्कँडिनेव्हियन गुन्हेकथांविषयी आपल्याकडे जे लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं हवामानावर खर्ची पडतं. लांबलचक रात्री, गोठलेली तळी, माणूसघाणे पोलीस अधिकारी. आणि मग निष्कर्ष असा की या कथा उत्तरेकडच्या अंधारातून जन्मल्या. हे मत इतक्या अधिकारवाणीने मांडलं गेलं आहे की ते तपासून पाहायची गरज कुणाला वाटत नाही. ती तपासणी करू. या परंपरेचा पाया घालणारी ‘रोझॅना’ ही कादंबरी भर जुलैत सुरू होते, कालव्यातला गाळ उपसताना एका तरुणीचं प्रेत वर येतं तेव्हा. हेनिंग मँकेलच्या ‘विलोस्पोर’च्या आरंभी एक मुलगी उन्हाळ्यातल्या फुललेल्या पिवळ्या शेतात स्वतःला पेटवून घेते. ‘इन्सोम्निया’ (१९९७) या नॉर्वेजियन चित्रपटात तर सूर्य मावळतच नाही. धुक्यात चुकून सहकाऱ्यावर गोळी झाडणारा आणि मग ते लपवत जाणारा अधिकारी तिथं उजेडामुळे झोपेला पारखा होतो. अंधार हेच मूळ असेल, तर या तिन्ही कृती परंपरेबाहेर काढाव्या लागतील आणि मग हाती फारसं काही उरणार नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी फार वर्षं धरून आहे. या कथांचं खरं वैशिष्ट्य असं की त्या मेलेल्या माणसाला सोडून पुढे पळत नाहीत. कोड्याच्या इंग्रजी परंपरेत प्रेत डाव मांडण्यापुरतं लागतं. पहिल्या प्रकरणानंतर त्याची आठवण फक्त वेळापत्रकं जुळवताना निघते. उत्तरेत ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराकडे कथा वळते, तिथं मुक्काम करते आणि त्या घराला वेळ देते. खून, विश्वासघात, गुपितं हा मसाला सगळ्या जगाच्या रहस्यकथांत सारखाच आहे. फरक पडतो तो या वेळामुळे.

याची सुरुवात माय शोवाल आणि पेर वालो या स्वीडिश जोडप्याने केली. १९६५ ते १९७५ या काळात त्यांनी मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. ‘रोझॅना’त कित्येक आठवडे पोलिसांना मृत तरुणीचं साधं नाव कळत नाही. मारेकरी शोधण्याआधी त्या बेवारस देहाला तिचं नाव आणि तिचं आयुष्य परत मिळवून द्यावं लागतं. हे दोघे मार्क्सवादी होते, पुस्तकं प्रचारकी आहेत, असा आक्षेप जुना आहे. मार्क्सवादी ते होतेच आणि शेवटच्या काही पुस्तकांत भाषणबाजीही आहे. पण त्यांचा राग ज्या ठिकाणी कथेत मुरला, तिथं काय घडतं हे पाहायचं तर त्यांच्या कादंबरीवरचा बो विडरबर्गचा चित्रपट ‘मानेन पो ताकेत’ (१९७६), म्हणजे ‘छपरावरचा माणूस’, पाहावा. न्यूमान हा पोलीस अधिकारी रुग्णालयातल्या खाटेजवळ संगिनीने मारला जातो. बेक आणि त्याचे सहकारी दप्तरातून न्यूमानविरुद्धच्या जुन्या तक्रारी काढतात. मारहाण, अपमान, कोठडीतले अत्याचार. एकामागून एक कागद, आणि प्रत्येकावर शेरा एकच, की कारवाईची गरज नाही. त्यातल्याच एका प्रकरणात मधुमेहाने बेशुद्ध पडलेल्या बाईला दारूडी समजून कोठडीत टाकलेलं असतं आणि ती तिथंच मरते. तिचा नवरा स्वतः पोलीस होता. चित्रपटाच्या उत्तरार्धात तो स्टॉकहोममधल्या एका इमारतीच्या छपरावर बंदूक घेऊन बसतो. ओडेनप्लान चौकात हेलिकॉप्टर कोसळतं तो प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. माझ्या मते चित्रपटाचा कणा त्या कागदांच्या गठ्ठ्यात आहे. त्याशिवाय छपरावरचा माणूस नुसता माथेफिरू ठरला असता. आणि बेकच्या भूमिकेसाठी विडरबर्गने निवडला तो कार्ल-गुस्ताफ लिंडस्टेट हा विनोदी नट. जाडजूड, थकलेला. नायकाचा रुबाब नको म्हणून केलेली ही निवड किती अचूक होती, हे त्यानंतरचे देखणे आणि उदास अधिकारी पाहिले की कळतं.

मधला काळ सर्वांना ठाऊक आहे, तिथं रेंगाळायला नको. २८ फेब्रुवारी १९८६ला पंतप्रधान ओलोफ पाल्मे पत्नीबरोबर सिनेमा पाहून अंगरक्षकाशिवाय पायी घरी निघाले असताना मारले गेले. कुणाचीही शिक्षा टिकली नाही, आणि २०२०मध्ये एका मृत संशयिताकडे बोट दाखवून तपास बंद झाला. १९९१पासून मँकेलच्या वॉलंडर या पोलीस अधिकाऱ्याने कल्याणकारी राज्याच्या थकव्याला चेहरा दिला. स्टीग लार्सनची तीन पुस्तकं जगभर खपली. त्यांचं महत्त्व बाजारपेठेच्या इतिहासात मोठं आहे, या लेखाच्या दृष्टीने थोडं.

खरा मुक्काम करायचा तो ‘फोरब्रुडेल्सन’वर. २००७मधली ही डॅनिश मालिका इंग्रजीत ‘द किलिंग’ म्हणून ओळखली जाते. सोरन स्वाइस्ट्रुपने ती डीआर या सार्वजनिक वाहिनीसाठी लिहिली. पहिल्या पर्वाचे वीस भाग, आणि प्रत्येक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. तपास करणाऱ्या सारा लुंडच्या फॅरो बेटांवरच्या लोकरी स्वेटरवर इतकं लिहिलं गेलं की मालिकेतलं खरं धाडस झाकलं गेलं. ते धाडस म्हणजे बिर्क लार्सन कुटुंब. बाप थाइस सामान हलवायच्या गाड्यांचा धंदा करतो, आई पर्निले त्याचे हिशेब पाहते, थोरली नाना एकोणीस वर्षांची आणि पाठीवर दोन लहान भाऊ. पहिल्याच भागात पाण्यातून गाडी वर काढली जात असताना थाइस तिथं पोचतो. पर्निले फोनवर आहे. त्याचं ओरडणं तिला फोनमधून ऐकू येतं आणि तिला कळतं. कुणी काही सांगायची वेळच येत नाही. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत इथून कॅमेरा पोलिसांबरोबर गेला असता. इथं तो उरलेले एकोणीस भाग पुन्हा पुन्हा त्या घरात येतो. लहान भावांना सांगायचं कसं, अंत्यविधी कधी, खोलीतल्या वस्तूंचं काय करायचं, गिऱ्हाइकांना काय उत्तर द्यायचं. आपल्याकडे घरात सुतक असताना रोजचे व्यवहार जसे चालूही असतात आणि थांबलेलेही असतात, तसं ते घर वीस दिवस चाललेलं दिसतं.

गुपितांची मांडणीही याच दृष्टीने पाहावी. महापौरपदाचा उमेदवार ट्रोल्स हार्टमन खुनाच्या रात्री कुठं होता हे सांगत नाही, म्हणून संशय वाढतो. कारण कळतं ते असं, की पत्नीच्या मृत्यूच्या दुःखात त्या रात्री त्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो. नानाचा शिक्षक रामा निर्दोष असतो, पण परदेशी वंशाचा असल्याने संशय त्याला चिकटतो आणि शोकाने आंधळा झालेला बाप त्याच्यावर तुटून पडतो. आणि अखेर मारेकरी निघतो तो थाइसचा जुना साथीदार वान, त्या घरात मुलांना अंगाखांद्यावर खेळवलेला, सुतकाच्या सगळ्या दिवसांत घर सावरणारा. विश्वासघात इतका झोंबतो तो धक्कातंत्रामुळे नव्हे. वीस भाग आपण त्या माणसाला त्या घरात वावरताना पाहिलेलं असतं. २०११च्या जानेवारीत बीबीसी फोरने ही मालिका उपशीर्षकांसह दाखवली आणि ब्रिटिश प्रेक्षक डॅनिश ऐकायला बसले. त्याच वर्षी तिची अमेरिकी आवृत्ती आली, आणि २०२५मध्ये ‘सर्च : द नैना मर्डर केस’ ही हिंदी.

हा गुण एकट्या मालिकेचा म्हणता येणार नाही. बाल्तासार कोरमाकुरचा ‘मिरिन’ (२००६) घ्या, अर्नाल्दुर इंद्रिदासोनच्या कादंबरीवरचा. १९९८मध्ये आइसलंडच्या संसदेने साऱ्या देशाच्या आरोग्यनोंदी एकत्र करण्याचा कायदा केला, त्यावर रान उठलं. ‘मिरिन’ त्या वादातून उगवला. मुलगी आनुवंशिक आजाराने गेलेला एक बाप तो आजार कुठून आला हे नोंदींत शोधत जातो, आणि सापडतो तो दशकांपूर्वी दडपलेला एक बलात्कार. एर्लेंदुर हा अधिकारी मेंढीचं उकडलेलं डोकं विकत घेऊन घरी एकटाच जेवतो, त्या दृश्याची किळस येते असं अनेकांनी लिहिलं. पण बरणीत जपलेला एका मुलीचा मेंदू, प्रयोगशाळेतलं रक्त आणि ताटातलं डोकं यांना तो चित्रपट एकाच निर्विकार उजेडात ठेवतो, आणि म्हणूनच बापाचं रडणं त्यात वेगळं उठून येतं.

‘ब्रोएन’ या डॅनिश-स्वीडिश मालिकेच्या पहिल्या पर्वातली करामत, ओरेसुंड पुलावर सीमारेषेवर ठेवलेलं दोन देहांचं एक प्रेत, मला कधीच फार महत्त्वाची वाटली नाही. दुसरं पर्व (२०१३) मात्र उत्तम. मुलगा गमावलेला डॅनिश पोलीस अधिकारी मार्टिन त्यात धड जगत नाही, आणि मुलाच्या मारेकऱ्याला त्यानेच तुरुंगात विष दिलं असा संशय आल्यावर त्याची स्वीडिश सहकारी सागा नोरेन आपल्या एकमेव मित्राची तक्रार करते.

आता आक्षेप. या देशांत खून मुळात कमी होतात, मग हे सारं काल्पनिक भय नव्हे काय? उलट, जिथं खून क्वचित होतो तिथंच एका खुनाला वीस भाग द्यावेत असं समाजाला वाटू शकतं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: या कथांत मरतात त्या बहुधा तरुण स्त्रिया, आणि त्यांच्या देहांवरच्या जखमा पडद्यावर चवीने दाखवल्या जातात. हा आरोप बऱ्याच कृतींना लागू पडतो आणि गेल्या दशकात अधिकच. त्याचं कारण कल्पनाशक्तीपेक्षा पैशाच्या वाटेत शोधावं. डीआरला वीस भाग परवडले ते लोकांनी भरलेल्या शुल्कावर. २०१८मध्ये त्या वाहिनीच्या निधीत पाच वर्षांत वीस टक्के कपात ठरली. कथा स्ट्रीमिंगकडे गेल्या, तिथं भाग सहा किंवा आठ, आणि पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षक धरून ठेवण्याची सक्ती. त्याच स्वाइस्ट्रुपच्या कादंबरीवरची ‘द चेस्टनट मॅन’ (२०२१) सहा भागांत संपते. कारागिरी तीच आहे. मुलगी गमावलेल्या मंत्रीबाईंचं दुःखही आहे, पण ते कोडं पुढे सरकवायच्या कामाला जुंपलेलं. एकामागून एक मारल्या जाणाऱ्या आयांची घरं पाहायला मालिकेपाशी वेळ नाही.

वेळ नव्हता ही सबब मात्र चालणार नाही, कारण टोबियास लिंडहोमने २०२०मध्ये ‘द इन्व्हेस्टिगेशन’ हीसुद्धा सहाच भागांत केली. २०१७मध्ये पाणबुडीवर मारली गेलेली पत्रकार किम वॉल, तिच्या खुनाचा हा तपास. मारेकरी पडद्यावर एकदाही येत नाही, त्याचं नाव कुणी घेत नाही, खून दाखवला जात नाही. दिसतात ते थंड पाण्यात पुन्हा पुन्हा उतरणारे पाणबुडे, प्रवाहांचे हिशेब, प्रेताचा वास घेणारे कुत्रे, आणि तिचे आईवडील. ज्यांना ही परंपरा नव्याने पाहायची आहे त्यांनी याद्यांच्या मागे लागू नये. ‘छपरावरचा माणूस’, मग ‘फोरब्रुडेल्सन’चं पहिलं पर्व, मग ‘द इन्व्हेस्टिगेशन’, या क्रमाने पाहावं; आणि डब केलेली आवृत्ती टाळून मूळ भाषेतच, उपशीर्षकं वाचत पाहावं.