युवा वाद्यवृंद आणि त्याचा जमाखर्च

मुंबईच्या एका पारशी घरात वाढलेल्या दोन भावांपैकी एकाने वाद्यवृंद-संचालकाची छडी हाती घेतली आणि दुसऱ्याने हिशेबाची वही. थोरले झुबिन मेहता जगाला ठाऊक आहेत. धाकटे झरीन मेहता लंडनमध्ये चार्टर्ड अकाउंटंट झाले आणि पुढे कॅनडातील माँट्रियल येथे त्याच व्यवसायात स्थिरावले. त्या शहराच्या सिम्फनी वाद्यवृंदाचे संचालन झुबिन यांनी 1961 ते 1967 या काळात केले होते. 1981 मध्ये झरीन त्याच संस्थेचे व्यवस्थापकीय संचालक झाले. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या बाबतीतही असेच घडले. 1978 ते 1991 पर्यंत व्यासपीठावर थोरला भाऊ होता आणि 2000 ते 2012 पर्यंत कचेरीत धाकटा. संगीताच्या इतिहासात पहिल्या भावाविषयी पुष्कळ लिहिले गेले. दुसऱ्याचे काम लोकांच्या नजरेस पडत नाही. मात्र कोणत्या वर्षी किती तूट आली आणि ती कशी भरून काढली, हे ज्याला पाठ असते अशा माणसावाचून कोणताही वाद्यवृंद उभा राहत नाही. व्यापारी घरात हे वेगळे सांगावे लागत नाही.

या दोघांचे वडील मेहली मेहता यांनी आपल्या आयुष्यात दोन मोठे वाद्यवृंद उभारले, एक मुंबईत आणि दुसरा अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे. दोन्ही आज अस्तित्वात नाहीत. पण ते ज्या रीतीने संपले त्यांत मोठे अंतर आहे.

मेहली यांचा जन्म 1908 सालचा. व्हायोलिन ते बव्हंशी स्वतःच शिकले. विख्यात वादक याशा हायफेट्झ यांचे वादन ऐकून त्यांना या वाद्याचा ध्यास लागला. 1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. पाश्चात्त्य सिम्फनीसाठी ऐंशी-शंभर वादक लागतात आणि त्या काळच्या मुंबईत इतके वादक एका ठिकाणी सापडणे दुरापास्त होते. म्हणून जिथे जो मिळेल तिथून त्याला आणावे लागे. हौशी पारशी व्हायोलिनवादक होते. चर्चच्या शाळांमध्ये लहानपणापासून स्वरलिपी शिकलेले आणि हॉटेलांत व चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवून पोट भरणारे गोमंतकीय होते. पितळी वाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधील माणसे येत. या सर्वांच्या वेळा जुळवणे, त्यांना तालमीला बोलावणे, स्वरलिपींच्या प्रती गोळा करणे, सभागृह मिळवणे आणि देणगीदारांच्या पायऱ्या झिजवणे या कामांचा भार मुख्यतः एकाच माणसाच्या खांद्यावर होता. तो माणूस 1945 मध्ये अधिक शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेला, तेव्हा पत्नी तेहमिना दोन लहान मुलांना घेऊन मुंबईत मागे राहिल्या. पतीच्या त्या काही वर्षांच्या गैरहजेरीत संसार सांभाळणाऱ्या या माउलीचे नाव संगीतविषयक लेखनात क्वचितच येते. तिच्या दोन्ही मुलांनी पुढे जे केले, त्यात त्या वर्षांचा वाटा नसेल असे म्हणवत नाही.

1955 मध्ये मेहली इंग्लंडला गेले. मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात त्यांनी सर जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली काम केले आणि नंतर काही वर्षे फिलाडेल्फिया येथील कर्टिस चौकडीत वाजवले. इकडे मुंबईचा वाद्यवृंद त्यांच्यामागे फार काळ तग धरू शकला नाही. मालक परगावी गेला आणि पेढीला टाळे लागले, असे पुष्कळ ठिकाणी होते. मुंबईत गुणाची वाण नव्हती. वाण होती ती मालकाच्या पश्चात पेढी चालवणाऱ्या मंडळींची.

1964 मध्ये, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, मेहली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वाद्यवृंद शिकवण्यासाठी रुजू झाले. निवृत्तीची भाषा सुरू होण्याच्या या वयात त्याच वर्षी त्यांनी ‘अमेरिकन यूथ सिम्फनी’ हा तरुणांचा वाद्यवृंद काढला. परीक्षा घेऊन वादक निवडायचे, पण त्यांच्याकडून शुल्क घ्यायचे नाही, असा त्याचा रिवाज होता. कितीतरी वर्षे श्रोत्यांकडूनही तिकिटाचे पैसे घेतले जात नसत. विद्यापीठाच्या रॉइस हॉलमध्ये हे कार्यक्रम होत. तेथे वाजवून गेलेली मुले पुढे अमेरिकेतील नामांकित वाद्यवृंदांत आणि हॉलिवूडच्या ध्वनिमुद्रणगृहांत कामाला लागली.

युवा वाद्यवृंदाचे अर्थशास्त्र समजून घेतले, तर या रिवाजातील धाडस ध्यानी येते. दुकानात मुनीम तयार करायला चार-पाच वर्षे लागतात आणि तो तयार झाला की मालक त्याला सोडायला नाखूश असतो. युवा वाद्यवृंदात मात्र तयार झालेला वादक निघून जावा, हेच संस्थेचे यश. दरवर्षी त्यातले चांगले वादक जातात आणि त्यांच्या जागी नवखे येतात. ज्या तुकडीने वसंत ऋतूत मालरची सिम्फनी निभावून नेली, तीच तुकडी शरद ऋतूत अर्धीमुर्धी बदललेली असते आणि संचालकाला पुन्हा श्वास कुठे घ्यायचा, गज कुठून फिरवायचा, इथून आरंभ करावा लागतो. मेहली यांनी हे काम 1998 पर्यंत, म्हणजे वयाची नव्वदी येईपर्यंत केले. धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर हा बुडीत व्यवहार वाटेल. तरी त्यांनी तो तीन दशकांहून अधिक काळ आनंदाने केला.

व्यासपीठावर एक माणूस छडी हलवताना दिसतो, म्हणून सर्व काही तोच करतो, असा श्रोत्यांचा समज होतो. त्याच्या डाव्या हाताला बसलेला पहिला व्हायोलिनवादक हा खरा मुकादम. कोणत्या स्वराला गज खाली ओढायचा आणि कोणत्या स्वराला वर, हे तो ठरवतो आणि आपल्या प्रतीवर खुणा करतो. त्या खुणा व्हायोलिनच्या प्रत्येक प्रतीवर उतरवण्याचे किचकट काम ग्रंथपालाचे. तीस व्हायोलिनवादकांचे गज एकाच दिशेने हलताना पाहून श्रोता सुखावतो. त्यामागे कोणीतरी रात्री जागून पेन्सिलीने केलेल्या शेकडो खुणा असतात. मोठे बास, टिंपानी, हार्प ही वाद्ये सामान्य घरातल्या मुलाला विकत घेणे परवडत नाही, ती संस्थेलाच बाळगावी लागतात. त्यांची ने-आण करण्यासाठी गाडी लागते, ती उतरवायला माणसे लागतात, पावसात त्यांना झाकायला ताडपत्री लागते. अलीकडच्या संगीतकारांच्या स्वरलिपी विकत मिळत नाहीत, प्रकाशकाकडून भाड्याने आणाव्या लागतात आणि त्यांचे भाडे कार्यक्रमागणिक मोजावे लागते. वाद्यांच्या तारा तुटतात, ओबोच्या पत्त्या झिजतात. सभागृहाचे भाडे, विम्याचा हप्ता, कर्मचाऱ्यांचे पगार. शुल्क नाही आणि तिकीट नाही, म्हणजे जमेच्या बाजूला रोजची आवक शून्य.

ही पोकळी भरून काढण्याचे काम विश्वस्त मंडळाचे. अमेरिकेत अशा संस्थांचे विश्वस्त मानधन घेत नाहीत. उलट त्यांनी स्वतः देणगी द्यावी आणि आपल्या ओळखीच्यांकडून मिळवून आणावी, अशी अपेक्षा असते. प्रतिष्ठानांना अर्ज करायचे, वार्षिक भोजनसमारंभ भरवायचे, देणगीदार दुरावू नये म्हणून वर्षभर त्याची विचारपूस ठेवायची. धर्मशाळा किंवा पांजरपोळ चालवणाऱ्या कुटुंबांना यातले काहीही नवे वाटणार नाही. ध्रुवफंड असला, तर वाईट वर्षात व्याजावर निभावता येते. तो नसला, तर प्रत्येक वर्ष पहिल्यासारखे असते.

मेहली 1998 मध्ये बाजूला झाले आणि 2002 मध्ये वयाच्या 94 व्या वर्षी निवर्तले. मुंबईत जे घडले ते येथे घडले नाही. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे प्रमुख व्हायोलिनवादक अलेक्झांडर ट्रेगर यांनी छडी हाती घेतली आणि 2016 मध्ये ती कार्लोस इझ्काराय यांच्याकडे गेली. संस्थापकाच्या पश्चात संस्था पाव शतक चालली, ती अर्थातच केवळ संचालकांच्या बळावर चालली नाही. कचेरीतली मंडळी, विश्वस्त, ग्रंथपाल यांनी ती चालवली.

इझ्काराय हे मूळचे व्हेनेझुएलाचे, आणि या विषयात त्या देशाकडे पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. तेथे 1975 मध्ये होजे अंतोनिओ आब्रेऊ यांनी युवा वाद्यवृंदांची जी चळवळ सुरू केली, ती ‘एल सिस्तेमा’ या नावाने ओळखली जाते. आब्रेऊ संगीतकार होते आणि अर्थशास्त्राचे डॉक्टरही. पहिल्या तालमीसाठी त्यांनी स्वरलिपी ठेवण्याचे पन्नास स्टँड मिळवले होते. प्रत्यक्षात अकराच मुले आली. त्यांनी तालीम रद्द केली नाही. पुढे त्यांनी जे केले त्यात अर्थतज्ज्ञाची नजर दिसते. संगीताला मिळणारे अनुदान नेहमीच तुटपुंजे असते आणि सर्वांत आधी कापले जाते, हे ओळखून त्यांनी हा उपक्रम मुलांच्या व तरुणांच्या कल्याणाचा म्हणून सरकारपुढे मांडला. कोणत्याही पक्षाचे सरकार येवो, गरीब वस्तीतील मुलांसाठीचा खर्च बंद करणे त्याला जड जाई. या युक्तीवर लक्षावधी मुलांच्या हाती वाद्ये आली. मोठे मूल धाकट्याला शिकवी, त्यामुळे शिक्षकांचा तुटवडा फारसा भासला नाही. गुस्तावो दुदामेल हे याच चळवळीत घडले आणि 1999 मध्ये, अठरा वर्षांचे असताना, तेथील प्रमुख युवा वाद्यवृंदाचे संचालक झाले.

पण ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली, त्याचा शब्द शेवटी चालतो. 2017 मध्ये व्हेनेझुएलात सरकारविरोधी निदर्शने पेटली, तेव्हा त्यांत मारल्या गेलेल्यांत या चळवळीत शिकलेला, व्हायोला वाजवणारा अठरा वर्षांचा एक मुलगा होता. तोवर राजकारणाविषयी मौन पाळणाऱ्या दुदामेल यांनी जाहीर निषेध केला. थोड्याच काळात त्यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय युवा वाद्यवृंदाचा अमेरिका दौरा सरकारने रद्द केला. आब्रेऊ यांच्या हिशेबात सरकारे बदलणे धरलेले होते. एकच सरकार दीर्घकाळ बसून राहील आणि त्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला तोंड मिटून बसावे लागेल, हे धरलेले नव्हते; आणि धरले असते तरी दुसरा कोणता मार्ग त्यांच्यापुढे होता, असाही प्रश्न उरतोच.

सरकारी पैशाचा हा अनुभव पाहून कोणाला वाटेल की अमेरिकेतील खाजगी देणग्यांची वाट अधिक सुरक्षित. तसेही झाले नाही. 2024 मध्ये अमेरिकन यूथ सिम्फनीने, साठीच्या उंबरठ्यावर, काम थांबवत असल्याचे जाहीर केले. करोनानंतर देणग्यांची गणिते बिघडली होती आणि खर्च भागवण्याइतका निधी जमेना. त्या वर्षीही वादक होते, संचालक होते, परीक्षेला बसू इच्छिणारी मुले होती.

त्याच शहरात याच काळात दुसरा एक युवा वाद्यवृंद भरभराटीस आला. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने दुदामेल यांच्या प्रेरणेने 2007 मध्ये ‘योला’ हा उपक्रम सुरू केला. गरीब वस्त्यांतील मुलांना तेथे वाद्य आणि शिक्षण विनामूल्य मिळते. 2021 मध्ये इंगलवूड येथे त्याची स्वतःची वास्तू झाली. 1965 साली बांधलेल्या बँकेच्या इमारतीचे हे रूपांतर वास्तुरचनाकार फ्रँक गेहरी यांनी केले. जेथे एकेकाळी रोकड मोजली जाई, तेथे आता मुले तालीम करतात. योलाच्या डोक्यावर मोठ्या संस्थेचे छत्र आहे आणि त्या संस्थेला हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंदिराच्या उन्हाळी कार्यक्रमांचे भरघोस उत्पन्न आहे. मोठ्या पेढीच्या शाखेला मंदीची झळ उशिरा बसते. मेहलींचा वाद्यवृंद स्वतंत्र होता आणि त्या स्वातंत्र्याची किंमत त्याने दिली. एवढ्यावरून त्यांनी आरंभीच कोणाच्या तरी छायेत जायला हवे होते असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. साठ वर्षे हा लहान काळ नव्हे.

मुंबईत त्यांच्या नावाने 1995 मध्ये स्थापन झालेले मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन मुलांना पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण देते. नरिमन पॉइंट येथील एनसीपीएमध्ये 2006 मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, तेव्हा त्यातील बहुसंख्य वादक परदेशातून आणावे लागले. म्हणून तेथेही लहान वयापासून वादक घडवण्याचा वर्ग सुरू झाला. शहरातील या वर्गांना जाणाऱ्या मुलांत आता गुजराती, मारवाडी, जैन घरांतील मुलेही आढळतात. त्यांचे पालक सभागृहाच्या मागच्या खुर्चीत बसून तालीम संपण्याची वाट पाहतात, मोबाईलवर दुकानाचे निरोप घेतात आणि व्हायोलिनची पेटी उचलून घरी जातात. या पालकांपैकी कित्येकांना ताळेबंद वाचता येतो, देणगी मागता येते आणि पावती-पुस्तक काटेकोर ठेवता येते. 1955 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राला अशाच माणसांची गरज होती.