कमळे सोन्याची, खुर्च्या रिकाम्या

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची यादी जाहीर झाली की आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसे हिरिरीने बोलू लागतात. पहिली म्हणजे यादीतला एकही चित्रपट न पाहता कोणाचा मान हुकला हे छातीठोकपणे सांगणारी. दुसरी म्हणजे आपल्या आवडत्या नटाचे नाव यादीत दिसताच परीक्षकांच्या रसिकतेचे पोवाडे गाणारी. आम्ही तिसऱ्या आणि अल्पसंख्य पंथाचे आहोत. पदरचे पैसे मोडून तिकीट काढावे, चित्रपट शेवटच्या अक्षरापर्यंत पाहावा आणि मगच तोंड उघडावे, हा आमचा जुना रिवाज. त्या अधिकाराने चार गोष्टी स्पष्ट बोलाव्यात म्हणून हा प्रपंच.

२०२३ सालच्या चित्रपटांसाठीचे ७१ वे राष्ट्रीय पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट कथाचित्राचे सुवर्णकमळ विधू विनोद चोप्रा यांच्या ‘ट्वेल्थ फेल’ला मिळाले. या निवडीबद्दल आमची तक्रार नाही. चंबळच्या खोऱ्यातला एक नापास मुलगा ग्वाल्हेरमार्गे दिल्ली गाठतो, पिठाच्या गिरणीत राबतो आणि अखेर पोलीस अधिकारी होतो, ही कथा सहज भाबडी होऊ शकली असती. दिग्दर्शकाने ती तशी होऊ दिली नाही. विक्रांत मॅसी या नटाने तर घाम, धूळ आणि लाज या तीन गोष्टींतून माणूस उभा केला. ज्या घरात स्पर्धा परीक्षेला बसणारे मूल आहे, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी हा चित्रपट मुलासोबत बसून पाहावा.

पण याच मॅसीला अभिनयाचा पुरस्कार वाटून घ्यावा लागला तो शाहरुख खान यांच्यासोबत, ‘जवान’साठी. खान यांना तेहतीस वर्षांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय पुरस्कार मिळाला नव्हता, ही उणीव खरीच. तथापि ती भरून काढायची वेळ येऊन गेली होती. २००४ साली ‘स्वदेस’मध्ये त्यांनी जो संयत, अंतर्मुख अभिनय केला, त्या वर्षी पुरस्कार ‘हम तुम’साठी सैफ अली खान यांना गेला. योगायोग असा की, ‘स्वदेस’चे दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर हेच या पुरस्कारांच्या कथाचित्र परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते. जुने ऋण फेडले गेले, एवढेच आम्ही म्हणू. मात्र ऋण फेडणे निराळे आणि त्या वर्षीच्या उत्तम भूमिकेची निवड करणे निराळे. मारामाऱ्या, वेषांतरे आणि टाळ्यांची वाक्ये यांनी ‘जवान’ गच्च भरला आहे. त्यात करमणूक पुरेपूर आहे, पण ‘स्वदेस’मधला तो माणूस कुठे दिसत नाही.

दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘द केरला स्टोरी’साठी सुदीप्तो सेन यांना मिळाला, तेव्हा अपेक्षेप्रमाणे रण माजले. केरळच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी निषेध केला. दुसऱ्या बाजूने तितक्याच त्वेषाने समर्थन झाले. या चित्रपटाने पुढे केलेल्या बत्तीस हजारांच्या आकड्याला विश्वासार्ह आधार नाही, असा खुलासा पडद्यावर दाखवण्याचे निर्मात्यांना मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मान्य करावे लागले होते, हे वाचकांना आठवत असेल. ते क्षणभर बाजूस ठेवू. आमचा आक्षेप कारागिरीचा आहे. विषय ज्वलंत असला म्हणजे दिग्दर्शन श्रेष्ठ ठरत नाही. या चित्रपटात पात्रे बोलत नाहीत, पत्रके वाचतात. प्रेक्षकाने काय वाटून घ्यावे हे पार्श्वसंगीत आधीच सांगून टाकते. त्याच यादीत सर्वोत्कृष्ट मल्याळी चित्रपट ठरलेला ‘उळ्ळोळुक्क्’ आहे. पुराच्या पाण्याने वेढलेले घर, पाणी ओसरेपर्यंत खोळंबलेला अंत्यविधी, आणि त्या ओल्या अंधारात एकमेकींची गुपिते उलगडणाऱ्या सासू-सून! आषाढातल्या मुसळधार पावसाची ओळख असलेल्या आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला तो चित्रपट आतून कळेल. दिग्दर्शन कशाला म्हणतात ते तिथे पाहावे. त्यातल्या सासूची, म्हणजे अर्ध्या चित्रपटाचा भार वाहणाऱ्या ऊर्वशी यांची, ‘सहायक अभिनेत्री’ म्हणून बोळवण व्हावी, आणि त्यांनी जाहीरपणे जाब विचारावा, यात नवल ते काय?

आता आपल्या घरचे. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून सुजय डहाके यांच्या ‘श्यामची आई’ची निवड झाली. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ने १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक पटकावले होते. त्या चित्रपटातील वनमालाबाईंची आई आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नव्या चित्रपटाचे कृष्णधवल चित्रण देखणे आहे, हेतू निर्मळ आहे. परंतु दिग्दर्शक साने गुरुजींच्या पुस्तकापुढे हात जोडून उभा राहिला आहे. ‘शाळा’ करताना याच डहाके यांनी मुलांच्या मनात निःसंकोच डोकावण्याचे जे धाडस दाखवले, ते येथे श्रद्धेच्या ओझ्याखाली दबले. आमचे मत विचाराल तर त्या वर्षीचा अधिक जिवंत मराठी चित्रपट ‘आत्मपॅम्फ्लेट’ होता. एका मुलाच्या एकतर्फी प्रेमाच्या निमित्ताने देशातल्या जातिधर्माच्या ताणांवर इतक्या हसतखेळत बोट ठेवणे सोपे नव्हे. आशिष बेंडे यांना पदार्पणातील दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, याचे समाधान आहे. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या ‘नाळ २’ने बालचित्रपटाचा मान मिळवला आणि त्यातल्या चिमुकल्यांनीही पारितोषिके नेली, तो मान शंभर टक्के त्यांचाच.

पण खरे दुखणे पुरस्कार कोणाला मिळाला हे नाहीच. खरे दुखणे आहे ते पुरस्कारानंतरचे. या यादीतल्याच एका मराठी चित्रपटाच्या खेळाला आम्ही दोन मित्रांसह गेलो होतो. दिवसातून एकच खेळ, तोही सकाळी सव्वादहाचा, म्हणजे नोकरदाराने जाऊच नये अशा बेताने लावलेला. खिडकीवरचा तरुण नम्रपणे म्हणाला, ‘‘प्रेक्षक कमी आहेत, खेळ रद्द केलाय. पैसे परत देतो.’’ आम्ही मोजले, बाहेर नऊजण उभे होते. त्यात पेडण्याहून बसने आलेले एक वृद्ध जोडपे होते. पैसे परत मिळाले. चित्रपट मात्र मिळाला नाही. शेजारच्या पडद्यावर हिंदी चित्रपटाचा त्या दिवसातला पाचवा खेळ लागायचा होता.

हे आजचे नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ने २०१७ साली एप्रिलमध्ये सुवर्णकमळ जिंकले. कोकणच्या किनाऱ्यावर घडणारी, खचलेल्या तरुण मनाला हळुवार कवेत घेणारी ती कथा. देशातला सर्वोत्तम ठरलेला हा चित्रपट आपल्याच राज्याच्या चित्रपटगृहांत पोचायला महिनोन्‌महिने लागले. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी परतलेला तरुण आणि त्याचा शेतकरी मित्र यांच्यातील ओढ इतक्या शांतपणे सांगितलेली आम्ही पाहिली नव्हती. परदेशात त्याला उभे राहून दाद मिळाली. आपल्या तालुक्याच्या गावांतून किती जणांनी तो पाहिला, हे वाचकांनी स्वतःलाच विचारावे.

आता गोमंतकाकडे वळू. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून आपल्या पणजीत भरतो. मांडवीच्या काठावर रोषणाई होते, रस्ते झाडले जातात, पाहुणे येतात. महोत्सवाने मराठीला मान दिला आहे, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. २०१९ साली उषा जाधव, २०२१ साली ‘गोदावरी’साठी जितेंद्र जोशी आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘गोंधळ’चे दिग्दर्शक संतोष डावखर यांना येथेच रौप्यमयूर लाभला. परंतु याच महोत्सवात २०१७ साली परीक्षकांनी निवडलेला रवी जाधव यांचा ‘न्यूड’ दिल्लीहून परस्पर वगळण्यात आला आणि परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, हेही नोंदवले पाहिजे. परीक्षक नेमायचे आणि त्यांचा निवाडा गैरसोयीचा वाटला की फिरवायचा, तर परीक्षक हवेत कशाला?

त्याहून बोचणारी गोष्ट वेगळी आहे. महोत्सवाचे यजमानपद भूषवणाऱ्या या भूमीच्या कोंकणी भाषेतील एकही चित्रपट ७० व्या आणि ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत भाषिक पारितोषिकाचा मानकरी ठरलेला नाही. लक्ष्मीकांत शेटगावकर यांच्या ‘पल्तडचो मनीस’ने २००९ साली टोरांटोत समीक्षकांचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळवले, ‘काजरो’सारख्या चित्रपटाने राष्ट्रीय पुरस्कार आणला, म्हणजे गुणवत्तेचा दुष्काळ नाही. परंतु ज्या निर्मात्याला आपला चित्रपट दाखवायला पडदाच मिळत नाही, तो दुसरा चित्रपट कोणत्या बळावर काढणार? यजमानाने पाहुण्यांना पंगतीत वाढावे आणि स्वतःच्या मुलांना मागल्या दारी ताटकळत ठेवावे, तशातली ही गत!

‘प्रेक्षकच येत नाहीत,’ हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले. ते आम्हांला मान्य नाही. जत्रेच्या रात्री देवळाच्या प्रांगणात, थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत मराठी नाटक पाहणारा समाज हा आमचाच आहे. गावातली मुले आपली कामे सांभाळून दोन-दोन महिने तालमी करतात आणि म्हातारीकोतारी पुढच्या रांगेत जागा धरून बसतात. त्या प्रेक्षकाला रसिकता शिकवायला नको. त्याच्यापर्यंत चित्रपट नेला पाहिजे. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवीत. जेवणाच्या ताटावरून उठून आम्ही बंगाली, मल्याळी, कन्नड चित्रपट खालचे इंग्रजी शब्द जुळवीत पाहिले. आमची चित्रपटाची शाळा तीच. त्यासाठी कोणा धनिकाची गरज पडली नव्हती. एक ठरावीक वेळ आणि ती पाळण्याची शिस्त पुरली होती.

तशी शिस्त आजही पाळता येईल. मडगाव, साखळी, कुडचडे आणि बायणा येथे रवींद्र भवने आहेत, फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे, पणजीत कला अकादमी आहे. महिन्यातला एक ठरलेला रविवार, संध्याकाळची वेळ, परवडेल असे तिकीट, आणि पुरस्कार मिळालेला एक मराठी, एक कोंकणी किंवा अन्य भाषेतला चित्रपट: यात अशक्य ते काय? निर्मात्याला थोडेबहुत भाडे मिळेल, गावाला चित्रपट मिळेल, आणि पुढल्या वर्षी यादी जाहीर होईल तेव्हा वाद घालणाऱ्यांनी निदान ते चित्रपट पाहिलेले असतील.

पुरस्कार हा कलावंताच्या पाठीवरचा हात आहे. तो हवाच. पण पाठीवर हात ठेवून समोरचे दार बंद करण्याने कोणती कला वाढते? त्या सकाळी बाहेर उभ्या असलेल्या नऊजणांपैकी पेडण्याचे ते आजोबा जाताना म्हणाले, ‘‘बक्षीस मिळाले म्हणून ऐकले होते हो, म्हणून तर आलो होतो.’’ आमच्या मते पुरस्कारांचे याहून नेमके परीक्षण कोणीही केलेले नाही.